डिफेमेशनची तक्रार: ठाण्यात नव्हे, कोर्टात

बदनामी झाली की कोणीतरी सुचवतं, थेट ठाण्यात जाऊन डिफेमेशनची (म्हणजे बदनामीची) एफआयआर करा. होत नाही तसं. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 (जुन्या दंड संहितेचं 499-500) अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास करू शकत नाहीत, त्यामुळे पोलीस फार तर समज देतील. ज्याची बदनामी झाली त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं खाजगी तक्रार करायची, मग बेळगाव असो की खानापूर. मुदत फौजदारीला 3 वर्षं, भरपाईच्या दिवाणी दाव्याला मात्र 1 वर्षच, आणि तिथंच बरेचजण चुकतात.

'माझं डिफेमेशन केलं' एवढं लिहून भागत नाही. 'भिशीचे पैसे खाल्ले' असं म्हटलं असेल तर तेच शब्द, तारीख, आणि ते वाचलेल्या तिसऱ्या माणसाचं नाव हवं. फक्त तुम्हालाच आलेला मेसेज चालत नाही. नुसती शिवीही सहसा यात बसत नाही. व्हॉट्सअपचा स्क्रीनशॉट एकटा लंगडा. भारतीय साक्ष्य अधिनियम कलम 63(4) चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हॅशसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) जोडा आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. आपल्याकडं कर्नाटकात कोर्टाचं काम कन्नडमध्ये, म्हणून मूळ मराठी मजकुरासोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर द्या. 'खाल्ले'चं 'घेतले' झालं की केसच ढिली पडते.