१७६१ चं मृत्युपत्र मिळालं, पण विधवा आणि थोरला मुलगा पुढे कुठेच नाहीत. मदत हवी आहे

रेवा
इथे कुणी अमेरिकेतल्या जुन्या जमिनीच्या आणि वारसाच्या कागदांवर काम केलंय का? जरा लवकर सांगा. पुढच्या आठवड्यात अर्काइव्हला जायचंय आणि तिथे नेमकं काय मागायचं तेच ठरत नाहीये.

तंबाखूच्या एका मळेवाल्याचं १७६१ चं मृत्युपत्र हाती लागलंय. बायकोला राहतं घर, थोडी जमीन आणि काही गुलाम तिच्या हयातीपर्यंत, तिच्यामागे मुलांत सारखी वाटणी. दोन धाकटे मुलगे आणि तीन मुली नावानिशी आहेत. थोरल्याचं नावच नाही. पण तो होता हे नक्की, आधीच्या एका खतात बापाने तसं लिहिलंय. त्यानंतर एकदम १७९८ ची मालमत्तेची यादी, धाकट्यांपैकी एकाच्या मृत्यूनंतरची. मधली ३७ वर्षं कोरी. विधवा कुठेही नाही. अनुक्रमणिका पुन्हा पुन्हा चाळली. कुठे बघू?

दप्तरी
राज्य कोणतं? काउंटी कोणती? आणि चाळलं ते फक्त अनुक्रमणिकेतलं की मूळ वह्या? या तीन गोष्टी कळल्याशिवाय कुणालाही काही सांगता येणार नाही.

बाळासाहेब_चिंचवड
जमिनीचा शोध असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवलेत, गट नंबर माहीत हवा. आम्ही कुणबी नोंदीसाठी १९६७ पूर्वीचे पुरावे असेच गोळा केले. गावाच्या शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, तिथे हमखास मिळतं.

टेक्ससकर
कागदांत वर्षं घालवण्यापेक्षा डीएनए टेस्ट करा. थुंकी पाठवली की दीड-दोन महिन्यांत चुलत-मावस सगळे स्क्रीनवर. माझ्या बायकोच्या माहेरचे असेच सापडले.

रेवा
व्हर्जिनिया, लुनेनबर्ग काउंटी. १७९८ ची यादी मात्र मेक्लेनबर्ग काउंटीतली आहे. अनुक्रमणिकाच बघितल्यात, मृत्युपत्रांच्या आणि खतांच्या, दोन्ही काउंटींच्या. आडनाव इथे देत नाही, सासरच्यांचा प्रश्न आहे. डीएनए नको, सासूबाईंची इच्छा नाही. बाळासाहेब, धन्यवाद, पण हे महाराष्ट्रातलं नाही.

अभ्या_रिचमंड
व्हर्जिनिया म्हटल्यावर आशा सोडा. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड जळालं तेव्हा सगळी दप्तरं गेली.

दप्तरी
अभ्या, हे इतकं सरसकट सांगू नका, लोक शोध सोडून देतात. रिचमंडच्या आगीत गेली ती जनरल कोर्टाची दप्तरं आणि यादवी युद्धाच्या भीतीने ज्या काउंटींनी आपली कागदपत्रं राजधानीत सुरक्षित म्हणून पाठवली होती त्यांची. जेम्स सिटी आणि हॅनोव्हर त्यातल्या. न्यू केंटचं कोर्ट तर १७८७ मध्येच जाळलं गेलं होतं. लुनेनबर्गची दप्तरं १७४६ पासून शाबूत आहेत. रेवाताईंचं नशीब चांगलं आहे.

आता काउंटीचा गुंता. ब्रन्सविकमधून १७४६ मध्ये लुनेनबर्ग निघाली. तिच्यातून १७५२ मध्ये हॅलिफॅक्स, १७५४ मध्ये बेडफर्ड आणि १७६५ मध्ये मेक्लेनबर्ग आणि शार्लट. तुमचं कुटुंब लुनेनबर्गहून मेक्लेनबर्गला गेलं असं धरून चाललात तर फसाल. बहुधा ते जागचं हललंच नाही, सरहद्द त्यांच्यावरून गेली. म्हणून १७६५ पर्यंतचं लुनेनबर्गच्या वहीत, त्यापुढचं बॉयडटनला मेक्लेनबर्गच्या कोर्टात. आणि बापाने जमीन पहिल्यांदा घेतली तो कागद १७४६ च्या आधीचा असेल तर ब्रन्सविकमध्ये. मूळ सरकारी पट्टा मात्र काउंटीत नसतो. लँड ऑफिसच्या पेटंटांत बघा, लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने ती ऑनलाइन ठेवलीत.

सुमेधा_के
थोरल्याचं कोडं सोपं आहे. व्हर्जिनियात तेव्हा ज्येष्ठाधिकार होता. जमीन कायद्यानेच थोरल्याला मिळायची, म्हणून मृत्युपत्रात त्याचं नाव घालायची गरजच नसे.

दप्तरी
अर्धंच बरोबर. तो कायदा मृत्युपत्र न करता मेलेल्याच्या जमिनीला लागू. मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय तसंच होणार. ज्या जमिनीचा त्यात उल्लेखच राहिला, तेवढीच थोरल्याकडे जाणार.

सुमेधा_के
पण जमीन एंटेल असेल तर? मग बापाला ती मृत्युपत्राने देताच येत नाही, ती वंशपरंपरेने थोरल्याकडेच जाणार. व्हर्जिनियाने एंटेल रद्द केलं १७७६ मध्ये आणि ज्येष्ठाधिकार १७८५ च्या कायद्याने. १७६१ मध्ये दोन्ही चालू होते. मी अर्धं सांगितलं असेल, चूक सांगितलं नाही.

दप्तरी
एंटेलचा मुद्दा मान्य. तरी लुनेनबर्गसारख्या तेव्हाच्या नव्या वसाहतीत मला जास्त आढळलंय ते वेगळंच: थोरल्याच्या लग्नाच्या वेळी बाप त्याला जिवंतपणीच बक्षीसपत्राने जमीन देऊन मोकळा होतो. ‘प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी’ आणि पाच शिलिंग अशा किरकोळ रकमेला लिहिलेलं खत मिळालं तर समजायचं की ते हेच. रेवाताई, १७४६ ते १७६१ मधली बापाने लिहून दिलेली सगळी खतं मूळ वहीत वाचा. थोरल्याचं नाव मृत्युपत्रात नाही याचा अर्थ बाप त्याच्यावर रागावला होता असा लगेच काढू नका.

विश्वास_जोशी
एक महत्त्वाची गोष्ट कुणीच सांगितली नाही. इंग्रजांच्या वसाहतींत तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं! म्हणजे फेब्रुवारी १७५० लिहिलं असेल तर ते आपल्या हिशेबाने १७५१. मृत्युपत्राची तारीख कोर्टातल्या सिद्धतेच्या (प्रोबेटच्या) आधी की नंतर असा घोळ यामुळेच होतो.

सुमेधा_के
जोशीकाका, माहिती खरी आहे, पण ही पद्धत १७५२ मध्ये बदलली. रेवाचा कागद १७६१ चा.

विश्वास_जोशी
तिला पुढे मागे जावंच लागेल ना. म्हणून सांगून ठेवलं.

नदीकाठ
मला एक समजत नाहीये. रेवा, तू शोधतेयस कोण? विधवा, थोरला की जमीन? तुझ्या सासरच्या माणसाचं मूळ कुठल्या मुलाशी जुळतं ते एकदा सांग, म्हणजे बाकीचे सोडून देता येतील.

रेवा
कुठल्याच मुलाशी नाही. सासूबाई आफ्रिकन-अमेरिकन आहेत. ‘काही गुलाम’ लिहिलंय ना मी, त्यांतली एक लहान मुलगी. १७९८ च्या यादीत त्याच नावाची बाई आहे, तिच्या मुलांसकट, आणि तिथून खाली १८७० च्या जनगणनेपर्यंत साखळी जुळलीय. तिचं नाव त्या भागात सहसा न येणारं आहे. पण १७६१ ची मुलगी आणि १७९८ ची बाई एकच, हे सिद्ध करायला मधली ३७ वर्षं हवीत. ती मुलगी विधवेच्या वाट्याला गेली होती. म्हणून विधवा हवी, म्हणून जमीन हवी. मालकांच्या घराण्याशी मला दुसरं काही देणंघेणं नाही. पण तिचं नाव फक्त त्यांच्याच कागदांत आहे.

नदीकाठ
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस गं. आता सगळं चित्रच बदललं.

टेक्ससकर
मग तर डीएनए आणखीच हवा. मालकाच्या घराण्याशी रक्ताचा संबंध असण्याची शक्यता असते.

नदीकाठ
टेक्ससकर, सासूबाई नको म्हणाल्यात. शिवाय आठ पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी २५६ त एक, अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यावरून १७६१ ची मुलगी सापडत नसते.

दप्तरी
रेवाताई, आता नीट सांगता येईल.

व्हर्जिनियाने १७०५ मध्ये कायदा केला की वारसाच्या बाबतीत गुलाम ही स्थावर मालमत्ता धरायची. हे १७९२ पर्यंत चाललं. म्हणजे तुमची बहुतेक कोरी वर्षं या कायद्याखाली येतात, शेवटची सहा सोडून. म्हणून फक्त मृत्युपत्रांत शोधून भागणार नाही. जमिनीच्या खतांच्या वह्यांत माणसांची बक्षीसपत्रं, गहाणखतं, विक्रीखतं सापडतात. आणि या वह्यांच्या अनुक्रमणिकेत फक्त देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव असतं. ज्या मुलीला दिलं तिचं नाव अनुक्रमणिकेत कधीच येणार नाही. तुम्ही कितीही चाळलीत तरी.

दुसरं, विधवा. तिने पुन्हा लग्न केलं असणार. तरुण विधवा, वर जमीन आणि माणसं नावावर. अशा बाया त्या काळी फार दिवस एकट्या राहत नसत. लग्न झालं की आडनाव बदललं आणि हयातीपुरते मिळालेले गुलाम नव्या नवऱ्याच्या ताब्यात गेले. तुमची मुलगी दुसऱ्याच आडनावाच्या घरात वाढली असेल आणि विधवा वारल्यावर पहिल्या नवऱ्याच्या मुलांकडे परत आली असेल. १७९८ च्या यादीत ती दिसते ती त्यामुळेच, असा माझा अंदाज.

मार्था वॉशिंग्टनचंच बघा. पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला, तिला एक तृतीयांश हिस्सा हयातीपुरता मिळाला. १७५९ मध्ये तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं. वॉशिंग्टनने १७९९ मध्ये मृत्युपत्र करताना आपल्या माउंट व्हर्नन मळ्यावरच्या ३१७ गुलामांची यादी केली. त्यांतले १२३ त्याचे स्वतःचे. १५३ कस्टिसच्या हिश्शाचे, त्यांना मुक्त करायचा अधिकार त्यालाही नव्हता. मार्था १८०२ मध्ये गेल्यावर ते कस्टिसच्या नातवंडांत वाटले गेले. एकाच मळ्यावरची नवरा-बायको आणि त्यांची मुलं या वाटणीत कायमची वेगळी झाली.

देशमुख_साताराकर
मी अमेरिकेचं काही जाणत नाही, पण एक सांगतो. आमच्या वतनाची पूर्ण वंशावळ मला घरच्या कागदांत मिळाली नाही. ती मिळाली पुण्याला, इनाम कमिशनच्या वेळी चुलत घराण्याने घातलेल्या तक्रारीत. भाऊबंदकी झाली की दोन्ही बाजू आजा-पणजापर्यंत सगळं लिहून काढतात, बायकांची नावंसुद्धा. तिकडे भावाभावांत वाटणीचे दावे झालेच असतील. ते शोधा.

दप्तरी
साताराकर, लाखमोलाचं बोललात! असे दावे तिकडे चॅन्सरी कोर्टात चालत. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने कित्येक काउंटींचे चॅन्सरी दावे ऑनलाइन ठेवलेत. वाटणीच्या दाव्यांत गुलामांची नावं, वयं, कधी आई-मुलांचं नातंही येतं. दावा १८१० चा असला तरी वाद १७६१ च्या मृत्युपत्राचा असू शकतो, म्हणून वर्षाची अट घालून शोधू नका.

सुमेधा_के
आणि टाइदेबल याद्या, म्हणजे करपात्र माणसांच्या! लुनेनबर्गच्या १७४८ पासूनच्या कराच्या याद्या टिकल्यात, अशी काउंटी विरळा. १६ वर्षांवरच्या गुलाम बायकांवरही कर होता, आणि कित्येक याद्यांत मालकाच्या नावाखाली गुलामांची नावं लिहिलीत. ती मुलगी सोळाची झाली की कुणाच्या तरी नावाखाली अचानक उगवेल. आधी मालक शोधू नकोस. सगळ्या मालकांच्या खाली तिचं नाव शोध. मालक आपोआप कळेल.

दप्तरी
सुमेधाताई, हे मला सुचायला हवं होतं. उत्तम.

विश्वास_जोशी
फॅमिलीसर्चवर फुल टेक्स्ट शोध आलाय, हस्ताक्षर यंत्राने वाचलेलं. अमेरिकेतली जमिनीची आणि वारसाची दप्तरं त्यात आहेत. त्यात थेट त्या मुलीचं नाव घालता येतं, अनुक्रमणिकेची गरज नाही. फुकट आहे, खातं उघडावं लागतं. यंत्र नाव चुकीचं वाचतं, तेव्हा स्पेलिंगं बदलून बघा.

बाळासाहेब_चिंचवड
ताई, मला विषय आधी कळला नव्हता. सासूबाईंना नमस्कार सांगा. माझ्या भाच्याचा अजूनही फेरफार निघत नाहीये, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

रेवा
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्काइव्हला जायच्या आधीच थोडं हाती लागलंय.

जोशीकाकांनी सांगितलेल्या शोधात मुलीचं नाव घातलं. लुनेनबर्गचं १७६३ चं एक खत आलं. विधवा आणि तिचा नवा नवरा मिळून लिहून देतायत, आडनाव वेगळं, आणि ‘माझ्या आधीच्या नवऱ्याच्या मृत्युपत्राने हयातीपुरते मिळालेले’ असं म्हणून पाच नावं. पाचांत तिचं नाव आहे. पाचांतली दोन नावं १७९८ च्या यादीतही आहेत.

सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी पाचही नावं लिहून घेतली, आमच्या बाईचं एकटीचं नाही.

थोरलाही मिळाला. दप्तरीकाका, १७५५ चं बक्षीसपत्र, पाच शिलिंग, तुम्ही म्हणालात तसंच.

आता पुढचा प्रश्न. नव्या नवऱ्याची जमीन रोअनोक नदीच्या दक्षिणेला दिसतेय, नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला लागून. त्यांनी माणसं पलीकडे ग्रॅनव्हिल काउंटीत नेली असतील तर रॅलेच्या अर्काइव्हमध्येही बघू का? मी रॅलेलाच राहते, तिथे उद्याही जाऊ शकते.

दप्तरी
जा. पण आधी मेक्लेनबर्गच्या ऑर्डर बुक्स, म्हणजे कोर्टाच्या आदेशांच्या वह्या, १७६५ पासून वाचा. हयातीपुरते मिळालेले गुलाम वसाहतीबाहेर नेले की अंती ज्यांना ते मिळणार असत ती मुलं कोर्टात धावत. नेले असतील तर तक्रार मेक्लेनबर्गलाच सापडेल. तक्रार सापडली नाही तर ग्रॅनव्हिल. आणि नव्या नवऱ्याचं आडनाव मला व्यक्तिगत निरोपाने कळवा, माझ्याकडे त्या नदीकाठच्या काही खतांच्या नकला आहेत.