प्रतिसाद: फ्रीसलँडमधील चर्चचे उंचवटे, मनोरे आणि घंटा

वर विचारले आहे की उत्तर नेदरलँड्समध्ये गावचे चर्च नेमके उंचवट्यावरच का असते आणि काही ठिकाणी त्याला मनोरा का नसतो.

हा उंचवटा नैसर्गिक नाही. समुद्राला बांध घालण्यापूर्वी भरतीचे पाणी थेट वस्तीत शिरत असे, म्हणून लोकांनी शतकानुशतके चिखल, शेण आणि कचऱ्याची भर घालून हे 'टेर्प' उभारले आणि पुढे त्यांच्या माथ्यावर चर्च बांधले. फ्रीसलँड या उत्तरेकडील प्रांतातील हेगेबेन्टम गावचा टेर्प समुद्रसपाटीपासून सुमारे 9 मीटर उंच असून तो देशातील सर्वांत उंच मानला जातो. टेर्पची माती उत्तम खत ठरते हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकापासून ती खणून विकली गेली. हेगेबेन्टमचाही बराच भाग असाच गेला, आणि उरलेल्या कड्यालगत चर्च व त्याचे दफनस्थान तेवढे राहिले. खतापायी गावाचा पायाच विकायचा, हा व्यवहार मला तरी अजब वाटतो.

मनोरा नसण्याचे कारण बहुधा पैसा आणि जमीन हेच. आग्नेय फ्रीसलँडच्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) भुसभुशीत जमिनीवर गरीब गावांना विटांचा जड मनोरा झेपत नसे, त्यामुळे दफनभूमीत छपराची लाकडी चौकट उभारून तिच्यात घंटा टांगत. तिला तेथे 'क्लोकेनस्टूल' म्हणतात.

एक पुरवणी: 1798 पासून अनेक जुन्या मनोऱ्यांची मालकी चर्चकडे नसून नगरपालिकेकडे आहे, कारण घंटा आणि घड्याळ साऱ्या गावाच्या उपयोगाचे होते. त्यातल्या कित्येक घंटा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी धातूसाठी उतरवून नेल्या.