मदत हवी आहे: सीओ अटेनमेंट २.८ आलंय, पण मुलांना टोपोशीट वाचता येत नाही

खाजनकाठ:

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. सध्या नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) तयारी जोरात आहे आणि आयक्यूएसीने (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) सगळ्या डिपार्टमेंटना एकच एक्सेल शीट पाठवलीय, तिच्यात आयएसए (सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा) आणि सेमिस्टर एंडचे मार्क भरले की शेवटच्या कॉलमात प्रत्येक कोर्स आउटकमचं (सीओ, म्हणजे कोर्सनंतर मुलांना काय जमायला हवं ते) अटेनमेंट, म्हणजे ते किती साधलं याचा आकडा, आपोआप उमटतं, ३ पैकी. माझ्या प्रॅक्टिकलच्या कोर्सचं २.८ आलं. सगळे खूश. मी सोडून.

आउटकम असं लिहिलंय: विद्यार्थी १:५०,००० च्या टोपोशीटवरून (चढउतार, नद्या, वस्ती दाखवणारा सविस्तर नकाशा) भूरूपं आणि जमीनवापर यांचा संबंध सांगू शकेल. मला शंका होती म्हणून निकाल लागल्यावर, मार्कबिर्क काही नाही असं आधीच सांगून, वर्गात कधी न वापरलेला दिवाडी-चोडणचा तुकडा मुलांसमोर ठेवला आणि विचारलं की घरं टेकडीकडे सरकलीयत आणि नदीकाठचा एवढा मोठा सपाट भाग रिकामा का. कंटूर (समान उंचीची रेषा) म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ, इंटरव्हल २० मीटर हेही पाठ, १ सेंमी म्हणजे ५०० मीटर तर झोपेतसुद्धा सांगतील. पण ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलीय, मानशीतून (बांधातलं पाण्याचं दार) पाण्याची ये-जा होते म्हणून तिथे शेती आणि मासे आहेत पण घर नाही, हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी सांगितलं. आणि यातली कितीतरी मुलं रोज फेरीबोटीतून तेच खाजन, म्हणजे अशी बांधाआडची जमीन, बघत येतात हो!

एक्सेल शीट उलगडून बघितली तर भानगड कळली. टार्गेट ४० टक्के धरलंय, म्हणजे पासिंग. ७० टक्के मुलं त्याच्यावर गेली की लेव्हल ३. आता प्रॅक्टिकलला नापास कोण होतं? त्या मार्कांत जर्नल वेळेवर दिल्याचे आहेत, नीटनेटकेपणाचे आहेत, आणि परीक्षेत येते ती टोपोशीट वर्षभर घोटलेलीच असते. म्हणजे मोजतोय पासिंग आणि वर पाटी लावतोय आउटकमची.

आता मदत हवीय ती अशी की तुमच्याकडे कोणी हे खरंच मोजतंय का, नुसतं फाइलसाठी नाही, आणि मोजत असाल तर कसं, म्हणजे मला विद्यापीठाचा पेपर बदलता येणार नाही, अभ्यासक्रम बदलता येणार नाही, वर्ग मोठा आहे, वेळ तर नाहीच. आणि आकडा खाली आला तर नॅकसमोर वाईट दिसेल असं आमच्याकडे थेट बोललं जातं, त्याला काय उत्तर देता? कृपया "पोर्टफोलिओ ठेवा" एवढंच सांगू नका, ते वर्कशॉपात ऐकलंय.

एक्सेल_पीडित:

ताई, इंजिनियरिंगवाल्यांकडे या. भारत २०१४ ला वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनियरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणारा आंतरराष्ट्रीय करार) कायम सदस्य झाला तेव्हापासून एनबीएच्या (तांत्रिक कोर्सेसना मानांकन देणारी संस्था) नादात आमची अख्खी पिढी हेच करतेय.

पहिलं काम, एकूण मार्क वापरणं बंद करा. प्रत्येक प्रश्नाला, उपप्रश्नालासुद्धा, सीओ नंबर लावा आणि त्या प्रश्नांचेच मार्क त्या सीओखाली घ्या. जर्नल वेळेवर दिल्याचे मार्क कुठल्याच सीओत जात नाहीत, ते ग्रेडसाठी राहू देत. एवढं केलं तरी तुमचं २.८ धाडकन खाली येईल बघा.

दुसरं, पीओचा (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे अख्ख्या पदवीतून काय साधायचं ते) फॉर्म्युला तपासा. बऱ्याच शीटमध्ये मॅपिंग (कोर्सचा पीओशी संबंध किती, याचा १ ते ३ आकडा) गुणिले सीओ भागिले ३ असतं. आता मॅपिंग १ असलेल्या कोर्समध्ये मुलांनी पूर्ण ३ मिळवले तरी पीओला १ च जातो. मुलांचं काय चुकलं त्यात? म्हणून मग लोक सगळीकडे ३ भरत सुटतात, अगदी संभाषणकौशल्याचा आणि सॉइल मेकॅनिक्सचा संबंधसुद्धा ३. त्याऐवजी मॅपिंगच्या बेरजेने भागलेली भारित सरासरी घ्या, म्हणजे १ वाल्या कोर्सचा वाटा लहान राहतो पण त्याच्यामुळे आकडा पडत नाही.

टार्गेट मात्र निकालाआधी ठरवा आणि मिनिट्समध्ये लिहून ठेवा. निकाल बघून टार्गेट ठरवणं म्हणजे बाण जिथे लागला तिथे वर्तुळ काढणं.

पातोळी:

मॅडम, मी कॉमर्सला, फोंड्याकडे. एक विचारू? तो दिवाडीचा प्रश्न तुम्ही इंग्रजीत लिहून घेतला की तोंडी?

कारण आमच्याकडे मुलं शाळेत पहिली चार वर्षं मराठीत किंवा कोकणीत शिकलेली, नंतर सगळं इंग्रजी, आणि कॉलेजात पोचेपर्यंत उत्तर येतं पण वाक्य येत नाही असं होतं. मी कॉस्टिंगमध्ये ब्रेक इव्हनचं एक उदाहरण लेखी दिलं तर निम्म्यांनी कोरं ठेवलं, तेच एकेकाला बोलवून कोकणीतून विचारलं, की गाड्यावर रोज किती रोस ऑम्लेट विकली तर भाडं सुटेल, तर पोरं कॅल्क्युलेटर न काढता सांगतात. मग माझं आउटकम अटेन झालं की नाही? माझ्या मते झालं, इंग्रजी लिहिण्याचं झालं नाही, आणि ते दोन वेगळे कॉलम हवेत. एकात मिसळले की दोन्ही खोटे.

आणि तो एक्झिट सर्व्हे, कोर्स संपताना मुलांकडून भरून घेतात तो, ज्याला इनडायरेक्ट म्हणतात, त्यावर फार भिस्त ठेवू नका. "मला हे जमतं का" असं विचारलं की सगळे पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात, बस चुकायला नको ना.

डोंगरमाथा:

कोल्हापूरकडून लिहितोय, विषय इतिहास. वेळ नाही म्हणताय तर सगळ्या मुलांचं मोजूच नका. मार्क सगळ्यांना द्यावे लागतात, पण कोर्सने काय साधलं हे बघायला चिठ्ठ्या टाकून निवडलेले पंधरा-वीस पेपर पुरतात. फक्त चिठ्ठ्याच टाका, हुशार मुलं निवडू नका.

रुब्रिक (उत्तर कुठल्या पायरीचं ते ठरवायचा तक्ता) चार ओळींचं ठेवा. तुमच्या बाबतीत असं होईल: नकाशावरची खूण नुसती ओळखली, दोन खुणा जोडल्या (कंटूर नाहीत आणि शेजारी नदी आहे), त्यावरून कारण सांगितलं, ते कारण दुसऱ्या अनोळखी शीटवर लावून दाखवलं. तुमचं आउटकम तिसऱ्या पायरीचं आहे आणि पेपर पहिल्या पायरीचा, रोग तिथेच आहे. ब्लूमची शिकण्याच्या पायऱ्यांची यादी १९५६ ची, २००१ ला सुधारून क्रियापदांत मांडली, आम्ही सगळे तिच्यातून "विश्लेषण करेल" उचलतो आणि परीक्षेत "व्याख्या लिहा" विचारतो.

मग तेच पेपर दुसऱ्या सहकाऱ्याला द्या, तुमचे गुण न दाखवता. जिथे दोघांत एका पायरीपेक्षा जास्त फरक पडेल तिथे बसून भांडा. आमच्याकडे खरं काम त्या भांडणातच झालं, कळलं की "कारण सांगितलं" म्हणजे काय यावरच एकमत नाही. वर्षाला एकच आउटकम घ्या. सगळी एकदम घेतली की परत एक्सेलच्या तावडीत.

खाजनकाठ:

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं.

@पातोळी, लेखी आणि इंग्रजीतच घेतलं होतं, आता काहींना बोलवून तोंडी विचारते, मुद्दा पटला. पण सगळं भाषेवर ढकलता येईल असं वाटत नाही, कारण बऱ्याच जणांनी वाक्य व्यवस्थित लिहिलंय आणि तरी कारण "सरकारने परवानगी दिली नसेल" असं दिलंय. (तसं बघितलं तर गोव्यात हे उत्तर अगदीच चूक म्हणवत नाही, पण भूगोलाचं नव्हे.)

@एक्सेल_पीडित, फॉर्म्युला उघडून बघितला, भागिले ३ च आहे. आणि मॅपिंगमध्ये खरंच सगळीकडे ३.

@डोंगरमाथा, आयएसए माझ्या हातात आहे, तर पुढच्या सेमिस्टरला त्यातला एक भाग न घोटलेल्या शीटवर ठेवते. दुसरा परीक्षक म्हणून ज्युनियर सहकारी तयार आहे. पण आकडा पडेल त्याचं काय, ते कोणीच सांगितलं नाही.

एक्सेल_पीडित:

पडू द्या. आमच्या भेटीत समितीच्या एका सदस्याने सगळीकडे २.९ बघून थेट विचारलं होतं की मग सुधारणेला जागा कुठे ठेवलीत, आणि कोणाला उत्तर देता येईना. १.६ आलं, म्हणून आयएसए बदलली, पुढच्या वर्षी १.९ आलं, असा कागद असेल तर बोलायला काहीतरी असतं. फक्त जुनी शीट फेकू नका, दोन्ही पद्धतींचे आकडे एक वर्ष शेजारी शेजारी ठेवा, नाहीतर मॅनेजमेंटला वाटेल मुलं अचानक ढ झाली.

पातोळी:

आणि तोंडी घेताना रेकॉर्ड ठेवा मॅडम, नाहीतर पुरावा कुठाय म्हणतील. मी मुलांना विचारून फोनवर ऑडिओ करते, फाइलला फक्त रोल नंबर देते. रुब्रिकचा कागद आणि सही सोबत.

खाजनकाठ:

हे बरं झालं सांगितलंत. अजून एक अडतंय, शीटमध्ये तोंडीसाठी कॉलमच नाही आणि ती लॉक केलेली आहे. आयएसएच्या कॉलमात टाकायचं का वेगळी शीट जोडायची, कोणी केलंय का असं?