लाराव्हेल: नात्यातून नल आल्यावर पान थांबते, ?-> सगळीकडे लावावे का?

प्रश्न

नमस्कार. आमच्या लाराव्हेल (पीएचपी भाषेतील वेब फ्रेमवर्क) प्रकल्पात ऑर्डर मॉडेलचे (मॉडेल म्हणजे डेटाबेसमधील तक्त्याचे कोडमधील रूप) ग्राहक मॉडेलशी बिलाँग्सटू नाते आहे, म्हणजे ऑर्डर एका ग्राहकाची असते, आणि ग्राहकाच्या पत्त्यातील शहर ब्लेडच्या (लाराव्हेलच्या टेम्प्लेटच्या) पानावर दाखवले जाते. ग्राहकाची नोंद सॉफ्ट डिलीट झाली (न पुसता केवळ हटवल्याची खूण केली) की हे नाते नल (‘काहीच नाही’ हे मूल्य) देते आणि ‘अटेम्प्ट टू रीड प्रॉपर्टी’ ही त्रुटी येऊन पान थांबते. ग्राहक ऑप्शनल हेल्परमध्ये (नलवरून वाचताना त्रुटी टाळणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळून पाहिला, तरीही शहर वाचताना तीच त्रुटी येते. असे का होते, आणि आता प्रॉपर्टी वाचणाऱ्या प्रत्येक बाणाच्या जागी नल सांभाळणारे ?-> लिहावे का?

उत्तर १

ऑप्शनल हेल्पर फक्त पहिली पायरी सांभाळतो. ग्राहक नल असेल तर पत्ता विचारल्यावर त्रुटी न येता साधा नल मिळतो, पण पुढे शहर वाचले जाते ते त्या उघड्या नलवरून. पीएचपी ८.० पासून, म्हणजे २०२० पासून उपलब्ध असलेले ?-> याबाबतीत वेगळे आहे, कारण डावीकडे नल दिसताच ते उरलेली संपूर्ण साखळी सोडून देते. मात्र ग्राहक आहे आणि पत्ताच नाही, अशी शक्यता असल्यास पत्त्यानंतरही ते लिहावे लागेल.

केवळ मजकूर दाखवायचा असेल तर साखळीच्या शेवटी ?? (डावीकडे नल असल्यास उजवीकडचे मूल्य देणारे चिन्ह) आणि पर्यायी मजकूर पुरेसा आहे, कारण ते मधल्या प्रॉपर्टी इससेटप्रमाणे, म्हणजे त्रुटी न देता, तपासते. साखळीत मेथडचा कॉल असेल आणि तो नलवर झाला, तर मात्र ?? वाचवत नाही.

उत्तर २

वरील खुलासा अचूक आहे, परंतु तुमच्या प्रकरणात मी एकही ?-> लावणार नाही. जुन्या ऑर्डरीला ग्राहक होता. तो केवळ ग्लोबल स्कोपमुळे (प्रत्येक क्वेरीला आपोआप लागणाऱ्या अटीमुळे) लपला आहे. नात्याच्या व्याख्येतच विथट्रॅश्ड (सॉफ्ट डिलीट झालेल्या नोंदीही आणणारी मेथड) जोडा, म्हणजे नल निर्माणच होणार नाही. ?-> ने पान चालेल, पण शहराचा रकाना निमूटपणे रिकामा राहील आणि बिघाड कोणाच्या लक्षातही येणार नाही.

खाते न उघडता दिलेल्या ऑर्डरींना ग्राहक खरोखरच नसतो. तिथे विथडिफॉल्ट योग्य ठरते, मात्र ते डेटाबेसमध्ये नसलेले मॉडेल देते, त्यामुळे ‘ग्राहक आहे का’ ही इफची अट नेहमीच खरी ठरते. अशा ठिकाणी मॉडेलची एक्झिस्ट्स प्रॉपर्टी तपासावी. यूआरएलमधील आयडीवरून नोंद शोधताना फाइंडऑरफेल वापरावे: नोंद नसेल तर सरळ ४०४ (‘सापडले नाही’ हा प्रतिसाद) मिळू द्यावा.

प्रश्नकर्ता

विथट्रॅश्डने पान सुरळीत झाले, आभारी आहे. याच यादीत स्थिती ‘रद्द’ नसलेल्या ऑर्डरी मागितल्या, तर स्थिती नल असलेल्या ऑर्डरीही गळतात. हा लाराव्हेलचा दोष आहे का?

उत्तर २

नाही, हे एसक्यूएलचे (डेटाबेसच्या क्वेरी भाषेचे) वर्तन आहे. नलची कशाशीही तुलना केली तरी उत्तर खरे किंवा खोटे न येता अज्ञात येते, आणि व्हेअर फक्त खऱ्या ओळी ठेवते. ऑरव्हेअरनल (‘किंवा स्थिती नल असेल’ ही अट) जोडा, पण दोन्ही अटी एकाच क्लोजरमध्ये (व्हेअरला दिलेल्या निनावी फंक्शनमध्ये) ठेवा, नाहीतर तो ‘ऑर’ क्वेरीतील इतर अटी निष्प्रभ करील. हे नल बहुधा फॉर्ममधून आले असावेत, कारण लाराव्हेल ५.४ पासून मिडलवेअर (विनंती तुमच्या कोडपर्यंत पोहोचण्याआधी चालणारा भाग) रिकामे इनपुट आपोआप नल करते. स्थिती बंधनकारक असेल तर व्हॅलिडेशनमध्ये रिक्वायर्ड लावा आणि जुन्या ओळी भरून घेतल्यावर मायग्रेशनमधून (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या कोडमधून) त्या कॉलमचे नलेबल (नल ठेवण्याची मुभा) काढून टाका.