न्यूरोपेप्टाइडं परिपथ 'घडवतात' की 'वळवतात'?

मांडवीकर: गणेशोत्सवात आमच्या मंडळात भाचीला दहा मिनिटं मेंदूवर बोलायचंय, तेही मराठीत. शाळा गुजराती माध्यमाची, म्हणून न्यूरॉनला ती 'चेताकोष' म्हणते. मी 'चेतापेशी' करून दिलं. तिथवर भांडण नाही. अडलंय पुढच्या वाक्यावर : 'न्यूरोपेप्टाइडं मेंदूतले परिपथ घडवतात आणि त्यावरून प्राण्याचं वागणं ठरतं.' न्यूरोपेप्टाइडं म्हणजे चेतापेशी निरोपासाठी सोडतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आणि परिपथ म्हणजे चेतापेशींची आपसातली जोडणी. यातलं 'घडवतात' खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

सूरसागर: खटकायलाच हवं. घडवतो तो कुंभार नाहीतर सोनार. आधी नसलेली वस्तू त्याच्या हातून होते. इथे जोडणी आधीच झालेली असते. खेकड्याचं जठर हलवणारा जेमतेम तीस चेतापेशींचा एक पुंजका आहे. त्यावर एक पेप्टाइड सोडलं की एक ताल धरतो, दुसरं सोडलं की दुसरा. पेशी त्याच, तारा त्याच. लहानपणी आम्ही आजोबांबरोबर दारे धरायला जायचो. फावड्याने या तोंडची माती उचलून त्या तोंडाशी लोटली की वांग्याचं पाणी मिरचीकडे. पाट काही कोणी नव्याने खणत नव्हतं! म्हणून 'वळवतात'.

दांडियाबाजार: मग 'वळण लावतात' का नको? छान मराठी आहे.

सूरसागर: वळण जन्मभर टिकावं लागतं, निदान आईची तशी आशा असते. पेप्टाइडाचा परिणाम काही मिनिटं, फार तर काही तास.

रावपुरा: पेशी एकमेकींना निरोप द्यायला एरवी वापरतात त्या रसायनाशी, चेतापारेषकाशी, तुलना केली तर भाचीचं काम सोपं होईल. पारेषक म्हणजे शेजारच्या हातात दिलेली चिठ्ठी : दोन पेशींमधल्या फटीपुरती, क्षणार्धात संपणारी. बरेचदा पेशी तो पुन्हा शोषून घेते, दुसऱ्यांदा वापरते. पेप्टाइड म्हणजे दवंडी. पेशी जोरात, लागोपाठ स्पंदू लागली की ते बाहेर पडतं, लांबवर पसरतं आणि ज्या पेशींकडे त्याचा ग्राही, म्हणजे तो निरोप पकडणारा रेणू, आहे त्यांनाच ऐकू येतं. परत कोणी शोषून घेत नाही, विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात तेव्हाच ते थांबतं.
आणि ऐकणारा कान बदलला तर? 302 चेतापेशींचा एक सूत्रकृमी आहे, त्याच्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्येच छापून आला. तरी एका वाणाचे कृमी एकेकटे जेवतात, दुसऱ्या वाणाचे पंगत धरून. 1998 मध्ये कळलं की पेप्टाइडाच्या एका ग्राहीत फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. नुसता नकाशा पाहून हे कोणाला सांगता आलं असतं?

कारेलीबाग: ताई, भाचीला एक सांगा, ऑक्सिटोसिन या पेप्टाइडाला 'प्रेमरसायन' म्हणू नकोस. वर्तमानपत्रांनी तो शब्द पार चोथा केलाय. आपल्याकडे 'पान्हा' असताना तो हवाच कशाला? माझ्या माहेरी गाय होती. वासरू सोडून दोन ढुशा मारू दिल्याशिवाय ती धारेला बसू द्यायची नाही. ढुशीची खबर मेंदूत जाते, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात तयार झालेलं ऑक्सिटोसिन त्याखालच्या पियुषिका ग्रंथीतून रक्तात उतरतं आणि दूध सुटतं. पुढे पुढे तर वासराचा नुसता आवाज पुरायचा. नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू रक्तात गेला की त्याला संप्रेरक म्हणायचं, मेंदूतच चेतापेशींवर काम करत असला की न्यूरोपेप्टाइड. आपला 'पान्हा' मात्र आचळातही असतो आणि मायेतही.

दांडियाबाजार: गुजरातीत तोच 'पानो'. पण तिथे 'पानो चडवो' म्हणजे शौर्याचा आवेश येणं! आपला पान्हा आईपाशीच थांबला.

कारेलीबाग: अगंबाई, हे लक्षातच आलं नव्हतं. आणि व्यालेल्या उंदरीणीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन हेही करतं : पिल्लांना चाटणं आणि बिळाशी आलेल्या परक्यावर तुटून पडणं, दोन्हींत त्याचा हात असतो. गुजराती भाषा इथे पुढे गेली म्हणायची.

सूरसागर: माझंच वाक्य थोडं मागे घेतो. काही पेप्टाइडं वाढत्या मेंदूत पेशी जगवायला आणि वाढवायला मदत करतात. तिथे 'घडवतात' चालेल. भाचीचं वाक्य पूर्ण वाढलेल्या प्राण्याबद्दल आहे ना?

मांडवीकर: हो, वाढलेल्याच. 'न्यूरोपेप्टाइडं चेतापरिपथांतला प्रवाह वळवतात' असं केलं. दारे धरणं म्हणजे काय ते तिला सांगायला फावडं दाखवावं लागलं. 'पानो' कळल्यावर मात्र पोरगी म्हणाली, सुरुवात गायीपासूनच करते.