पणजोबा तीनदा कसे जन्मले?

वहीतला_पणतू
वर्षभर फावल्या वेळात घराण्याचा शोध घेतोय. अनुभव शून्य, उत्साह दांडगा. गाडी पणजोबांपाशी अडलीये.

मृत्यूच्या दाखल्यावर साल १९५१, वय ६२. म्हणजे जन्म १८८९च्या आसपास. लग्नाच्या नोंदीत १९१६ साली वय २४, म्हणजे १८९२. नोकरीच्या कागदावर चक्क १८९६. वंशावळीच्या एका साइटवर अकरा जणांच्या झाडांत ते आहेत आणि अकराही ठिकाणी १८८९. शिवाय मला १८८९च्या एप्रिलमधली जन्मनोंदही सापडली: नाव तेच, आईवडीलही तेच. मग १८८९ पक्कं करून टाकू का?

लग्नाचा कागद मात्र डोक्यातून जात नाही, कारण त्यावर त्यांची सही आहे. शेवटच्या अक्षराला उगाच एक लांब शेपटी. माझे वडील अजून तशीच काढतात. (याचा पुराव्याशी काही संबंध नाही, कळतंय मला.)

टाचणी
अकरा झाडं म्हणजे अकरा पुरावे नव्हेत. एकाने लिहिलं, दहांनी उचललं. कागद किती जणांनी जोडलाय ते बघा.

मृत्यूचा दाखला मृत्यूपुरता भरवशाचा. त्यावरचं वय कुणीतरी घरातलं माणूस गेल्याच्या गडबडीत सांगितलेलं असतं, आणि सांगणारा जन्माच्या वेळी हजर असण्याची शक्यता किती? त्यात ६२ पूर्ण की चालू, हा घोळ वेगळाच. मी अशा वेळी एकच साल लिहीत नाही. '१८८८ ते १८९०, मृत्यूच्या वयावरून' असं लिहिते.

१८९६चं म्हणाल तर, नोकरीत वय कमी लागलं तर कुणाचा फायदा, एवढा विचार करा आणि सोडून द्या.

गुणसूत्र
डीएनए चाचणी करा, सोक्षमोक्ष लागेल.

टाचणी
कशाचा? सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए जुळतो, त्यामुळे नातं कळेल. जन्मसाल कसं कळणार?

समासातला
ती १८८९ची नोंद इतक्यात जोडू नका. मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचं, असं पुष्कळ घरांत व्हायचं. मी स्वतः दोन वर्षं एका पाच महिन्यांच्या बाळाला खापरपणजी म्हणून मिरवत होतो. तिच्या नावावर सात मुलंसुद्धा लावून झाली होती.

१८८९ ते १८९२च्या मृत्यूनोंदी चाळा. आणि सूचीत नाव नाही दिसलं म्हणून थांबू नका, सूची करणाऱ्याने भलतंच वाचलेलं असू शकतं. मूळ पानांचे फोटो एकेक करून बघा, समासासकट.

वहीतला_पणतू
तीन रात्री गेल्या. सापडलं. फेब्रुवारी १८९१, वय १ वर्ष १० महिने. सूचीत वडिलांचं नाव इतकं चुकलंय की शोधून जन्मात सापडलं नसतं.

म्हणजे ते थोरले भाऊ. पणजोबांची स्वतःची जन्मनोंद अजून मिळालेली नाही, म्हणून तूर्त '१८९१ ते १८९३, लग्नाच्या वयावरून' असं लिहिलंय.

एक अडचण. मी आकड्यांचा तक्ता वापरतो: मी १, वडील २, आई ३, प्रत्येकाच्या वडिलांना त्याच्या दुप्पट आकडा. पणजोबा ८. या छोट्याला त्यात आकडाच मिळत नाही. कुठे लिहू त्याला?

टाचणी
त्या तक्त्यात फक्त थेट पूर्वज येतात. १६ आणि १७ या जोडप्याचं, म्हणजे पणजोबांच्या आईवडिलांचं, कुटुंबपत्रक करा, त्यात सगळी मुलं जन्माच्या क्रमाने. तो पहिला, पणजोबा त्याच्या खाली. दोघांचं नाव एकच, तेव्हा पुढे सालं नक्की घाला.

वहीतला_पणतू
घातली. त्या अकरा जणांनाही नोंदीचा फोटो पाठवला. आतापर्यंत एकाचं उत्तर आलंय: "पण बाकी दहा जणांकडे तर १८८९च आहे."