पाणी कमी, पुस्तकं फुल प्रेशर

सेक्रेटरी: सर्व सभासदांस कळविण्यात येते की पाइपलाइनच्या कामामुळे आज व उद्या पाणी कमी दाबाने येईल. जपून वापरावे. गाड्या धुवू नयेत. मागच्या वेळीही सांगितलं होतं, कोणाला ते नाव घेत नाही.

ए-२०१ भाई: मी नाय धुतली. पाऊस पडलेला.

सेक्रेटरी: भाई, मे महिन्यात एकाच गाडीवर पाऊस पडतो होय

टीचर (बी-३०२): बादल्या भरून ठेवल्यात सेक्रेटरीबाब. पण जरा विषय सोडून सांगते, रागावू नका. काल रात्री दीड वाजता कृष्णात खोतांची 'रिंगाण' संपवली आणि सकाळी उठून नळ सोडला तर नुसतीच हवा, फुस्स, आणि तिथंच बेसिनपाशी उभी राहिले कारण डोक्यात कादंबरी चालूच होती, आणि एकदम आलं मनात की बाई गं हे पाणी आपल्याकडे येतं साळावली धरणातून, आणि साळावलीच्या पोटात आहे बुडालेलं कुर्डी गाव. इतकी वर्षं फातोर्ड्यात राहते, बिल भरते, प्रेशर नाही म्हणून कटकट करते, पण कुर्डीचं नाव नळाशी कधी जोडलंच नव्हतं मी.

सी-४०३ (मुलगा): टीचर रिंगाण म्हणजे ती अवॉर्डवाली ना?

टीचर (बी-३०२): हो, २०२३ चा साहित्य अकादमी. अवॉर्ड बघून घेतली नव्हती, भाचीने पाठवली पुण्याहून आणि दोन महिने फ्रीजवर पडून होती. गोष्ट एवढीशी आहे. धरणात गाव गेलेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवलेली, आणि म्हशी मागे जुन्या रानात राहिलेल्या. त्यातली एक आणायला देवाप्पा परत जातो. बस्स. पण मधल्या काळात म्हैस रानटी झालीय, माणसाचं तिला काही देणंघेणं उरलेलं नाही. माणसाचं पुनर्वसन कागदावर होतं, म्हशीला कोण विचारतंय, तिनं आपलं आपणच करून घेतलं. हे वाचताना मला आत कुठंतरी लागलं.

टीचर (बी-३०२): आणि उगाच कौतुक करत नाही हां, भाषा कोल्हापूरकडची, पहिली तीसेक पानं मी अडखळतच वाचली, काही शब्द तर अंदाजानेच. मध्ये एका जागी तेच तेच फिरतंय असंही वाटलं. पण नंतर वाटलं रानात माणूस जनावराच्या मागे असाच फिरत असणार, सरळ रेषेत थोडाच जातो.

ए-२०१ भाई: धरणावर आधी पण आहे ना एक. विश्वास पाटलांची. आमच्या भावाकडे होती

टीचर (बी-३०२): 'झाडाझडती', १९९१ ची. तिलाही अकादमी मिळालं लगेच पुढच्या वर्षी. ती मी लग्नानंतर वाचलेली, तेव्हा रडले होते. दोन्ही धरणग्रस्तांच्याच पण वाचताना काही संबंध नाही एकमेकींशी. पाटील तेव्हा स्वतः सरकारी अधिकारी, त्यामुळे फाइल कुठल्या टेबलावर अडते, मोबदला कुणाच्या खिशात झिरपतो हे त्यांना आतून माहीत, वाचताना साहेबलोकांचा राग येतो. रिंगाण वाचताना मला राग कुणाचाच आला नाही, साहेब डोक्यातच आला नाही, मी आपली म्हशीच्या मागे. आज मला विचाराल तर रिंगाण जास्त खोल गेली. पण तरुणपणी मला ती कंटाळवाणी वाटली असती हे पण कबूल करते.

बी-१०२: पांढरी स्कूटर कोणाची, गेटसमोर?

ए-१०४ वैनी: टीचर, माझ्या आईचं माहेर कुर्डी.

टीचर (बी-३०२): काय सांगता वैनी! इतकी वर्षं कधी बोलला नाहीत

ए-१०४ वैनी: कोण विचारतंय. आई लग्न होऊन बाहेर पडलेली, पण आजी आजोबा मामा सगळे ऐंशीच्या दशकात उठले तिथून. काही घरं वालकिणी गावाला गेली, आमची वाडे गावाला. आजी सांगायची मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः आलेले गावात, सगळ्या गोव्याचं भलं होईल म्हणून सांगितलेलं, आणि भाऊसाहेब बोलले म्हटल्यावर माणसं गप्प बसली. कुळागर होतं आमचं, म्हणजे बागायत, माड, पोफळी, मिरी, फणस. ते काय ट्रकात घालून नेता येतंय? आजीनं वाटायचा दगडी रगडो नेला. एवढा जड रगडो, चौघांनी उचलला, मामा म्हणे अगे आई तिथं मिक्सर घेऊया, तर ऐकलंन नाही.

ए-१०४ वैनी: आणि वाड्याला नळ आला ना, तेव्हा पहिल्या दिवशी आजी काय म्हणाली माहितीय, हे आमच्याच न्हाणीवरचं पाणी, आता बिल लावून पाठवतात.

सेक्रेटरी: 🙏

सी-४०३ (मुलगा): वैनी हे डेंजर आहे

टीचर (बी-३०२): वैनी मी गप्पच झाले दोन मिनिटं. आजीनं एका वाक्यात कादंबरी संपवली.

ए-१०४ वैनी: मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं ना, तेव्हा जातो आम्ही. सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात, चॅपेलवाल्यांचं पण फेस्त असतं, सगळे जुने शेजारी भेटतात. फुटलेली जमीन, सुकलेल्या माडांचे बुंधे, घरांची नुसती जोती. जुनं महादेवाचं देऊळ मात्र सुटलं, ते दगड न दगड उचलून वर नेऊन परत बांधलं. मोगूबाईंच्या घराच्या खुणा पण दाखवतात लोक.

सी-४०३ (मुलगा): कोण मोगूबाई

टीचर (बी-३०२): अरे देवा. मोगूबाई कुर्डीकर! मोठ्या गायिका, किशोरी आमोणकरांची आई. १९०४ चा जन्म, त्याच कुर्डीचा. आडनाव वाचून तरी कळायला हवं होतं तुला. इंजिनियरिंगवाल्यांना काय शिकवतात कोण जाणे.

सी-४०३ (मुलगा): सॉरी टीचर 😅 मी सध्या ते पहाटे उठायचं पुस्तक वाचतोय, लाइफ चेंज होतं म्हणतात

ए-२०१ भाई: तू उठतोस अकराला

सी-४०३ (मुलगा): अजून तिसऱ्या चॅप्टरवर आहे भाई

टीचर (बी-३०२): अशी पुस्तकं मला मुलाने तीन दिली. तिन्हींत एकच गोष्ट, पानं तेवढी वेगळी. पहिल्या वीस पानांत जे सांगितलं तेच पुढे दोनशे पानं, मध्ये कोणीतरी अमेरिकेतला उद्योजक. आमच्या आईला चारला उठायला पुस्तक लागलं नव्हतं, दूधवाला पुरे होता. ते जाऊदे. त्यापेक्षा पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं आत्मचरित्र 'सह्याचला आणि मी' वाच, मोठं आहे पण थांबत थांबत वाचता येतं. लहानपणी शेजारी इरावती कर्वे, वडील धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ, पुढे हार्वर्डला जाऊन आला तरी हा माणूस सगळी हयात आपल्या घाटात, देवरायांत फिरला.

ए-२०१ भाई: टीचर ते नाव या ग्रुपवर नको

टीचर (बी-३०२): का हो

ए-२०१ भाई: का म्हणजे. २०१२ ला मायनिंग बंद पडलं तेव्हा माझे दोन टिपर दारात उभे होते, बँकेचा हप्ता काय थांबला नाही, एक विकला निम्म्या किमतीत. परत जरा चालू झालं तर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज उडवली, परत बंद. मोठे मायनर मोठेच राहिले, त्यांचं काय गेलं. आमच्यासारखे गेले. आणि हे पर्यावरणवाले पुस्तकं लिहितात, तुम्ही वाचता, चहा पिता. राग नाय हां तुमच्यावर.

सेक्रेटरी: भाई शांत. ग्रुपचे नियम.

टीचर (बी-३०२): राहू द्या सेक्रेटरीबाब, भाई बरोबर बोलतायत त्यांच्या जागी. भाई, एक सांगू, मलाही वाटलं होतं की झाडं, पक्षी, फुलपाखरं असं काहीतरी असेल. पण माणूस माणसांबद्दलच जास्त लिहितो. कर्नाटकातलं बांबूचं बघा, कागदगिरणीला सरकार बांबू जवळजवळ फुकट द्यायचं आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारभावाने, मग बांबू संपला की दोष कुणाला, तर गावातल्या लोकांना. मोठे मोठेच राहिले म्हणता ना तुम्ही, तेच आहे हे. आणि त्यांच्या समितीचा पश्चिम घाटाचा २०११ चा रिपोर्ट, त्याच्यावर एवढा गदारोळ झाला, त्यातसुद्धा काय ठेवायचं काय नाही ते ग्रामसभेने ठरवायचं, वरून लादायचं नाही, असाच त्यांचा हट्ट.

ए-२०१ भाई: आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलेलं की रिपोर्ट आला की घरावर पत्रा पण घालता येणार नाय

टीचर (बी-३०२): ते कुणी सांगितलं त्याला विचारा वाचलाय का. मी सगळं मान्य करते असं नाही, काही ठिकाणी ते फार खात्रीने बोलतात, दुसऱ्या बाजूचा शास्त्रज्ञ काय म्हणतो ते मला वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. आणि स्वतःची बाजू मांडताना आत्मचरित्रवाले जरा हात मोकळा सोडतातच. तरी वाचा. भांडायला तरी वाचा.

ए-२०१ भाई: बघू

बी-१०२: स्कूटर!!

बी-१०१ अंकल: 🎤 व्हॉइस मेसेज (२:१४)

टीचर (बी-३०२): अंकलना मराठी सगळं कळतं पण टाइप करायचा कंटाळा, म्हणून मीच लिहिते. अंकल म्हणतायत की त्यांना मी मागच्या महिन्यात दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' दिली होती, कोंकणी, देवनागरीतली, त्यांना रोमीची, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीची सवय त्यामुळे बोट ठेवून ठेवून वाचली, पंचवीस दिवस लागले. त्यांची मावशी पण त्या कार्मेलीनसारखी कुवेतला आया होती, बावीस वर्षं. सुट्टीवर यायची तेव्हा चॉकलेटं, परफ्यूम, पोरांना घड्याळं. घर तिनं बांधलं. आणि घरात कुणीही, कधीही, तिथं तुझं काय चालतं, जेवतेस का, झोपतेस कुठं, हे विचारलं नाही. अंकल म्हणतात विचारायची भीती वाटायची, विचारलं आणि तिनं सांगितलं तर मग पैसे कसे घ्यायचे. मावशी जाऊन आता अकरा वर्षं झाली.

ए-१०४ वैनी: 😔

टीचर (बी-३०२): शेवट सांगत नाही, कुणाला वाचायची असेल. १९८१ ची कादंबरी आहे, १९८३ चं अकादमी, आणि आता ज्ञानपीठ मिळाल्यावर लोक परत मागायला लागलेत. माजोर्ड्याला दुकान चालवत चालवत लिहिणारा माणूस, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या तोंडची भाषा आहे, कुठेही लेखकाने भाषण ठोकलंय असं होत नाही. फक्त एक, कार्मेलीनला इतकी सोसणारी करून ठेवलीय की मला अधूनमधून तिला हलवावंसं वाटलं, अगे बोल की काहीतरी. अंकलशी यावरून वाद झाला जिन्यात. ते म्हणाले, टीचर, ती बोलली असती तर आमच्या घराला स्लॅब पडला नसता.

सी-४०३ (मुलगा): टीचर 'हिंदू' वाचावं का? नेमाडेंचं. मित्र म्हणतो मस्ट रीड

टीचर (बी-३०२): २०१० ला आलं तेव्हा हौसेने घेतलं, दोनदा सोडलं, तिसऱ्यांदा पूर्ण केलं. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून सुरू होतं ते पुढे कुठं कुठं जातं. सुंदर पानं आहेत, नुसती माहितीची पोतीही आहेत, 'जगण्याची समृद्ध अडगळ' म्हणून नावातच सांगून ठेवलंय त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. तू आधी 'कोसला' वाच, तुझं वय त्याचंच आहे. पन्नाशीनंतर वाचलंस तर त्यातल्या पांडुरंगाला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतील.

ए-१०४ वैनी: मी तर लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे वाचतेय परत. चौथ्यांदा. बाकी काही वाचवत नाही रात्री

टीचर (बी-३०२): वैनी तुमचंच बरोबर. नवऱ्याने १८९५ ला धर्म बदलला, बाई पाच वर्षं वेगळी राहिली, काय काय ऐकलं असेल लोकांचं, आणि लिहिताना कुठं रडगाणं नाही, हसवतेच आहे. आज असं कुणावर आलं तर आपण ग्रुपवर चाळीस मेसेज टाकू.

सेक्रेटरी: आज आत्तापर्यंत ४१ झाले.

सी-४०३ (मुलगा): टीचर रिंगाण मिळेल का मला? की लायब्ररीत असेल

टीचर (बी-३०२): नावेलीच्या जिल्हा ग्रंथालयात बघ, वाचायला एसी पण आहे तिथं, तुझ्या पहाटे उठण्याला पूरक. माझी प्रत भाईंना आधी देणार होते पण भाईंना गाडगीळ देते, रिंगाण तू घे. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवते, पिशवीत. पानं दुमडायची नाहीत. आंबा खात वाचायचं नाही, मानकुरादचा डाग जात नाही, स्मृतिचित्रेच्या माझ्या प्रतीवर अजून आहे.

ए-२०१ भाई: गाडगीळाला कव्हर घालून द्या टीचर. बायकोने बघितलं तर आयुष्यभर हसेल

टीचर (बी-३०२): कॅलेंडरचं घालते, महालक्ष्मीचं

ए-१०४ वैनी: रविवारी आम्ही कुर्डीला जातोय, गाडीत दोन जागा आहेत. टीचर येता? सहाला निघायचं, नऊनंतर ऊन सोसत नाही, सावली कुठंच नाही तिथं. पाण्याच्या बाटल्या घ्या. मामा म्हणतो औंदा पाणी बरंच उतरलंय, जोत्यापर्यंत चालत जाता येईल.

टीचर (बी-३०२): येते. अंकल पण येतायत म्हणाले आत्ताच, खिडकीतून.

ए-२०१ भाई: मी माझी गाडी काढतो. धुतलेली आहे

सेक्रेटरी: भाई 😡

सेक्रेटरी: टँकर आलाय गेटवर. पांढरी स्कूटर आडवी आहे, आत येत नाही. आणि खालच्या टाकीच्या झाकणाची चावी कोणाकडे आहे?